सायलेन्सर बाजूला काढायचाय? साइड एक्झॉस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका शेडपुढे आम्ही चार-पाच जण चहाला जमतो. गाडीखाली डोकावणाऱ्या प्रत्येक नव्या पोराचे प्रश्न ठरलेले असतात, आमची उत्तरंही ठरलेली. म्हणून एकदाचं लिहून काढलं. माझ्याबद्दल एवढंच: शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी भलतीच, आणि दारात दोन लिटरची जुनी मित्सुबिशी सीडिया. तिच्यावर साइड एक्झॉस्ट अकरा महिने होता. आता रोजच्या रस्त्यावर नाही.

साइड एक्झॉस्ट म्हणजे नेमकं काय?

साध्या गाडीत इंजिनपासून निघालेला पाइप पोटाखालून थेट मागच्या बंपरपर्यंत जातो. वाटेत कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), मग रेझोनेटर (आवाजातला घुमारा मारणारा छोटा डबा), शेवटी आवाज दाबणारा मोठा डबा. साइड एक्झॉस्टमध्ये हाच पाइप मध्येच वळवून दाराखाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे बाहेर काढतात. काही जण तो पुढच्या चाकामागून फेंडरमधून काढतात, आणि ड्रॅग रेसवाले तर चक्क बॉनेटमधून. गॅरेजमध्ये मात्र पाइप, डबा, टिप (पाइपाचं बाहेरचं तोंड), सगळ्यालाच ‘सायलेन्सर’ म्हणतात. त्यामुळे मिस्त्रीशी बोलताना बोट दाखवून बोला. ‘सायलेन्सर काढा’ एवढंच सांगून एक जण जेवायला गेला होता. परत आला तेव्हा कॅटकॉन भंगाराच्या टोपलीत होता.

ही फॅशन आली कुठून?

रेसच्या ट्रॅकवरून. १९६०च्या दशकातल्या शेल्बी कोब्रा ४२७च्या दाराखालचे जाडजूड पाइप हे या प्रकाराचं सगळ्यात ओळखीचं चित्र. १९६५मध्ये शेव्हरोलेने कॉर्व्हेटवर कारखान्यातूनच साइड पाइपचा पर्याय दिला. १९९२ची पहिली डॉज व्हायपर आठ लिटरचं व्ही-१० इंजिन आणि दोन्ही दारांखाली एक्झॉस्ट घेऊन आली, आणि उतरताना पोटऱ्या भाजण्यासाठी बदनाम झाली. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतीच्या गाड्याही बाजूनेच धूर सोडतात, आणि जर्मनीतल्या डीटीएम शर्यतीच्या गाड्याही २०२०पर्यंत तसाच सोडत.

माझ्या मते या यादीतली सगळ्यात शिकवणारी गाडी म्हणजे २००३ची मर्सिडीज-बेंझ एसएलआर मॅक्लारेन. तिचे पाइप पुढच्या चाकांमागे, बाजूच्या झडपांखालून बाहेर येतात. गाडीचं पोट पूर्ण सपाट ठेवायचं होतं आणि मागे हवा ओढून गाडी रस्त्याला चिकटवणारा डिफ्युझर बसवायचा होता. पाइप मागे नेला असता तर ती जागा गेली असती. म्हणजे साइड एक्झॉस्ट हे मुळात जागेच्या अडचणीवरचं उत्तर आहे. आपल्या पोलोच्या मागे डिफ्युझर नसतो, स्टेपनी असते. तेव्हा अडचणच नसताना हे उत्तर आपण का विकत घेतोय, हे आधी स्वतःशी कबूल करा. ‘दिसायला भारी’ हे कारणही चालेल. फक्त त्याला एअरोडायनॅमिक्स म्हणू नका.

पॉवर वाढते का?

थोडी. इतकी थोडी की डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, चढवल्याशिवाय कळणार नाही.

टर्बो गाडीत टर्बाइननंतरचा मार्ग जितका मोकळा तितकं बरं. पण तिथेही खरा फरक डाउनपाइप (टर्बोला लागूनचा पाइप) आणि ट्यूनचा (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंगचा) असतो. शेवटचा दीड मीटर पाइप गेल्याने होणारा फायदा चिमूटभर. बिनटर्बोच्या इंजिनात हेडर (सिलिंडरांतून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांचा जुडगा) आणि त्याच्या नळ्या जिथे एकत्र येतात ती जागा महत्त्वाची. एका सिलिंडरचा धूर वेगाने निघताना मागे जो ओढा तयार होतो, तो दुसऱ्या सिलिंडरला रिकामं व्हायला मदत करतो. हा ओढा टिकायला वायूचा वेग टिकावा लागतो. ‘इंजिनला बॅक प्रेशर लागतंच’ हे वाक्य जे गॅरेजागॅरेजांत ऐकू येतं, त्याचा उगम इथे आहे. प्रेशर कोणत्याच इंजिनला नको असतं, वेग हवा असतो. दोन लिटरच्या बिनटर्बो गाडीला तीन इंची पाइप लावला की वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मेंगळट होते. सवादोन इंच पुष्कळ झाले.

निदान वजन तरी कमी होतं ना?

हो, हा खरा फायदा. दीड मिलिमीटर जाडीचा अडीच इंची स्टीलचा पाइप मीटरला सुमारे सव्वादोन किलो भरतो. दीड मीटर वाचला तर साडेतीन किलो, वर मागचा मोठा डबा. आता डिकीतली छत्री, पाण्याचा कॅन आणि गेल्या दिवाळीपासून पडलेली इस्त्रीची पिशवी काढा. तितकंच वजन फुकटात कमी होईल.

कायद्यात बसतं का?

यावर नीट बोलतो, कारण इथे ‘अरे काही होत नाही’वाले सल्लागार फार.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला ११२वा नियम धूर कुठे सोडायचा तेच सांगतो: खाली नाही आणि डावीकडे नाही. ट्रकचा धूर उजव्या अंगाला का सुटतो याचं उत्तर हेच. त्यामुळे दोन्ही दारांखाली एकेक टिप हे स्वप्न पहिल्याच पायरीवर अडतं, आणि ‘टिप जरा जमिनीकडे वळवू’ ही पळवाटही. ११३वा नियम म्हणतो की एक्झॉस्टचा पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नको. कायदा नसता तरी हे पाळावंच, कारण साइडला वळवलेला पाइप अनेकदा इंधनाची आणि ब्रेकची नळी ओलांडूनच जातो. १२०वा नियम आवाज कमी करणारं साधन, म्हणजे खराखुरा सायलेन्सर, सक्तीचं करतो. ‘स्ट्रेट पाइप’ म्हणजे डबाच नाही; तो थेट इथे अडकतो.

मग येतो मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने मुळात जशी गाडी दिली आणि आरसीवर जी नोंदली, त्यापासून वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थानेच वाचायचं असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२): पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. रस्त्यावर प्रत्यक्ष किती भरावे लागतात ते राज्याच्या तडजोड रकमेवर ठरतं. पण जप्त सायलेन्सर रांगेत मांडून वरून रोडरोलर फिरवल्याची दृश्यं आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिली आहेत. तिथे बुलेटवाल्यांची गर्दी असते हे खरं. गाडीवाल्यांना सूट आहे असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

थोडक्यात, एमएच-०४ असो नाहीतर एमएच-४३, रोजच्या रस्त्यावरच्या गाडीवर साइड एक्झॉस्ट म्हणजे जोखीम तुमची. मी अकरा महिने ती घेतली. त्यात शहाणपण होतं असं मी म्हणत नाही.

मग मर्सिडीजच्या जी ६३ला कसं चालतं? तिच्या तर दोन्ही बाजूंनी पाइप निघतात!

हा प्रश्न दर रविवारी येतो, आणि विचारणारा विजयी मुद्रेने विचारतो. फरक असा की कंपनी आख्खी गाडी चाचणीला लावते. आवाज, धूर, उष्णता सगळं मोजलं जातं आणि मंजुरी त्या रचनेलाच मिळते. आरसीवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच असते. तुमची आय-२० चाचणीतून गेली ती मागच्या पाइपासकट. पाइप बाजूला घेतलात त्या दिवशी ती मंजुरीतली गाडी राहिली नाही.

डावीकडे नाही हे कळलं. पण उजवीकडे काढला तर काय बिघडतं?

घोडबंदर रोडवर संध्याकाळी सात वाजता उभे राहा, मग बोलू.

डाव्या बाजूला काय असतं ते आधी पाहा. मानपाड्याला बसची वाट बघणारी माणसं, फुटपाथ संपला म्हणून रस्त्यावर उतरलेली बाई, तिच्या हाताला धरलेलं पोर. टिप जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर असते आणि शाळेतल्या मुलाचं नाक काही फार वर नसतं. डावीकडे धूर नको असं सांगणारा नियम ज्याने लिहिला, त्याने स्टॉपवर उभं राहून बस पकडलेली असणार.

आता उजवी बाजू. मोकळ्या रस्त्यावर तिथे दुभाजक असतो, ठीक. पण माजिवड्याच्या सिग्नलला दोन गाड्यांच्या मधल्या हातभर जागेतून दुचाक्या घुसतात. त्यांचा डावा पाय बरोबर तुमच्या टिपसमोर येऊन थांबतो, आणि आपल्याकडे निम्मी जनता चपलेवर गाडी चालवते. माझ्या टिपसमोर एकदा डिलिव्हरी करणारा एक मुलगा थांबला होता. त्याने पाय झटकला, खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शिवाय आपलं स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे उजवी टिप थेट चालकाच्या खिडकीखाली. परदेशातल्या व्हिडिओत चालक डावीकडे बसतो, तो अनुभव इथे लागू होत नाही.

आत धूर येतो का?

येतो. गाडी चालू असताना बाजूच्या खिडक्यांपाशी हवेचा दाब कमी पडतो आणि जवळचा धूर आत ओढला जातो. सिग्नलला उभं असताना तर तो नुसता वर चढत येतो. मागच्या बंपरशी सोडलेला धूर निदान गाडीच्या मागे राहतो.

धुरातला वास सतावतो, पण घातक असतो तो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना वास ना रंग. ऑक्टोबरच्या एका दुपारी एसी बंद, खिडकी खाली, गायमुखच्या घाटाखाली पाऊण तास अडकलो होतो. डोकं जड झालं, मळमळलं. उन्हाने असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा एका मित्राचा गॅस मीटर मागून डॅशबोर्डवर ठेवला आणि कापूरबावडीच्या जाममध्ये आकडा चढताना डोळ्यांनी पाहिला. कॅटकॉन जागेवर आणि गरम असेल तर हा वायू खूपच कमी होतो. पण तो काम सुरू करायला अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापावा लागतो. तोवर, म्हणजे सकाळी सोसायटीच्या पोडियम पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत, सगळं कच्चं बाहेर येतं. गाडीत लहान मूल किंवा गरोदर बाई बसणार असेल तर साइड एक्झॉस्टचा विचारच सोडा. इथे ‘पण’ नाही.

आवाज किती वाढतो?

नऊपेक्षा जास्त आसनं नसलेल्या प्रवासी गाड्यांना एप्रिल २००५पासून ७४ डेसिबलची मर्यादा आहे. ती साडेसात मीटरवरून, गाडी जोरात वेग घेत जाताना मोजतात. डेसिबलचा हिशेब सरळ नाही: दहा वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

साइड एक्झॉस्टमध्ये तीन गोष्टी एकदम होतात. मागचा मोठा डबा जातो, पाइप आखूड होतो, आणि आवाजाचं तोंड तुमच्या कानाजवळ येतं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल वाढतात. तीन मीटरवरची टिप एका मीटरवर आली तर चालकाला नऊ-साडेनऊ डेसिबल जास्त, तेही बाकी काहीच न बदलता. त्यात उड्डाणपुलाच्या सिमेंटच्या कठड्याला आवाज आपटून परत येतो. पाम बीच रोडवर खारफुटीच्या बाजूने जाताना गोड वाटणारा आवाज ठाणे-बेलापूर रोडवरच्या पुलावर डोकं उठवतो.

बाहेरच्यांना काय वाटतं ते विचारायची हिंमत करा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा असते. माझी आई तिसऱ्या मजल्यावरून म्हणाली होती, ‘गाडी आणलीस की पिठाची गिरणी?’ वॉचमन मात्र खूश होता, मी कोपऱ्यावर वळलो की तो आधीच गेट उघडायचा.

गाडीत एका ठरावीक वेगाला ‘घूंऽऽ’ असं घुमतं. ते कसं घालवायचं?

याला ड्रोन म्हणतात. त्यावर गणित चालतं, म्हणून हा माझा आवडता प्रश्न.

चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. तीन हजार आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, १०० स्फोट: १०० हर्ट्झचा सूर. केबिनच्या पत्र्याला तो सूर जुळला की सगळी गाडी तंबोऱ्यासारखी वाजते. उपाय असा: मुख्य पाइपाला एक बंद टोकाची फांदी जोडायची. लाट फांदीत शिरते, बंद टोकावर आपटते आणि परत येते ती उलट्या पावलाने, त्यामुळे मूळ लाट मारली जाते. फांदीची लांबी लाटेच्या पाव हिश्शाइतकी हवी. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ४४० मीटर धरला तर ४४० भागिले १००, त्याचा पाव, म्हणजे १.१ मीटर. फांदीतला वायू किती तापतो त्यावर हे थोडं मागेपुढे होतं. म्हणून टोक कायमचं वेल्ड करण्याआधी सरकतं ठेवून चालवून बघा.

आता गंमत बघा. साइड एक्झॉस्टमध्ये आपण दीड मीटर पाइप वाचवला, आणि ड्रोन मारायला त्यातला एक मीटर परत जोडला. माझ्या गाडीत ही फांदी बसवायला जागा कुठे मिळाली असेल? मागे, जिथून डबा काढला होता तिथे.

कोणतं स्टील घ्यावं? वेल्डिंग कुठलं?

इकडची हवा खाडीची, खारट. म्हणून ३०४ स्टेनलेस. कंपन्या बऱ्याचदा ४०९ वापरतात. त्याला चुंबक चिकटतो, वरून तांबूस होतं पण टिकतं. फसवणूक होते ती २०२मध्ये. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, ‘बघा साहेब, चिकटत नाही, ३०४च आहे.’ अहो, २०२लाही चिकटत नाही. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये मुरलेले लोक केमिकलचा थेंब टाकून बघतात. २०२वर तो लाल होतो. घेताना तो थेंब मागा. दुकानदार कुरकुरला तर तेही उत्तरच आहे.

वेल्डिंग आर्गनचंच करून घ्या. त्यातही विचारा की पाइपाच्या आतूनही आर्गन सोडणार का. नाही सोडला तर बाहेरून माशाच्या खवल्यांसारखा सुंदर टाका दिसतो आणि आत काळी खडबडीत पापडी धरते. तिथूनच पुढे पाइप तडकतो. बेंड मशीनवर आतून आधार देऊन काढलेले घ्या. नुसता दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो आणि अडीच इंचाचे पैसे देऊन दोन इंचाचा मार्ग मिळतो.

पाइपाला उष्णता रोखणाऱ्या पट्ट्या गुंडाळायचा मोह आवरा. पावसाळ्यात त्या पट्ट्या ओल्या गोधडीसारख्या पाणी धरून ठेवतात आणि आतला पाइप सडतो. त्यापेक्षा सिल (दाराखालचा गाडीचा उंबरठा) आणि पाइप यांच्यामध्ये हवेची फट ठेवून पत्र्याची शीट लावा.

बसवताना सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

दोन ठिकाणी.

पहिली, वाढीला जागा न ठेवणं. ३०४चा दोन मीटर पाइप चारशे अंशांनी तापला की साडेतेरा मिलिमीटर लांब होतो. थंड गाडीवर ‘एकदम फिट’ बसवलेली टिप गरम झाल्यावर सिलला टेकते आणि रंग जाळते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन बहुधा आडवं असतं, ते ॲक्सिलरेटरवर पुढेमागे झुलतं. लांब पाइपात हा झोका पचतो, आखूड पाइपात नाही. म्हणून जाळीचा फ्लेक्स जोड आणि रबरी हँगर दोन्ही हवेत, आणि बॉडीपासून निदान बोटभर मोकळी जागा.

दुसरी चूक माझ्याच गाडीत झाली. एका गॅरेजने, नाव नको, पाइप नीट बसत नाही म्हणून न विचारता सिलच्या खालच्या शिवणीला ग्राइंडरने अर्धवर्तुळाकार खाच मारली. मी पोचलो तेव्हा ठिणग्या उडत होत्या आणि मालक सांगत होता, ‘दिसणार नाही साहेब, टिपच्या मागे लपेल.’ दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चासी नसते; सिल हाच कणा, आणि बाजूने धडक बसली तर पहिला मार तोच घेतो. जॅकही त्याच शिवणीवर लागतो. ती खाच भरून घ्यायला एक चांगला डेंटर शोधावा लागला आणि एक्झॉस्टपेक्षा त्याचंच बिल मोठं निघालं. सिल कापू नका. पाइप सिलच्या खालून जातच नसेल, तर ती गाडी साइड एक्झॉस्टची नाही.

खालून गेला तर स्पीडब्रेकरला घासत नाही का?

घासतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पसरट असतो. सोसायटीच्या गेटपाशी कमिटीने स्वखर्चाने घातलेला उंचवटा मात्र कुठल्याच मापात बसत नाही, आणि दोन चाकांच्या मधोमध लोंबणारा पाइप तिथेच आपटतो. चार माणसं बसवून तपासा, रिकाम्या गाडीवर नाही.

पावसात पाणी शिरेल?

इंजिन चालू असेपर्यंत धूर पाणी बाहेर ढकलतो. बंद पडलं तर पाइपात पाणी चढतं, आणि आखूड पाइपात ते इंजिनाच्या जास्त जवळ पोचतं. तरी इंजिनाचा खरा घात हवा ओढणाऱ्या तोंडातून शिरलेल्या पाण्याने होतो. तेव्हा ठाण्यात वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं असेल तर एक्झॉस्टची चर्चा न करता गाडी मागे फिरवा.

पीयूसी मिळतं का?

कॅटकॉन शाबूत असेल तर मिळायला अडचण नाही. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. कॅटकॉन काढलेली गाडी इथे सहज नापास होते. साइड टिपची वेगळी भानगड म्हणजे पीयूसीवाल्याची नळी पुरेशी आत जात नाही आणि बाहेरची हवा मिसळून आकडे भलतेच येतात. ‘नुसतं सर्टिफिकेट’ देणारे भेटतात. त्यांच्याबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

इन्शुरन्स?

न कळवता केलेला बदल हे क्लेम नाकारायला किंवा कापायला कंपनीच्या हातात दिलेलं कोलीत आहे. पाइपाच्या उष्णतेने वायरिंग जळलं असा संशय जरी आला तरी सर्व्हेअर पहिला फोटो टिपचाच काढेल.

फटाके फुटतील असा ट्यून करू का?

नको. इंजिनात जळायचं पेट्रोल पाइपात जळतं, कॅटकॉन वितळतो. आणि साइड टिपमधून निघालेली ज्वाळा कुणाच्या पायापर्यंत जाईल ते वर सांगितलंच.

फक्त ट्रॅकवर वापरणार असेन तर?

तर करा, आणि मनापासून करा. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोईमतूरचं कारी, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट यांच्यासाठीच ही गोष्ट आहे. कॅटकॉननंतर व्ही-बँड क्लॅम्प बसवून घ्या. त्या जोडापासून मागे कंपनीचा सायलेन्सर घरी येताना, साइड पाइप ट्रॅकवर. पाना एक, बोल्ट एक, गाडी स्टँडवर असेल तर अर्ध्या तासाचं काम. आता माझ्या सीडियावर हीच व्यवस्था आहे. साइड पाइप वर्षातून दोनदा बाहेर निघतो, आणि त्या दोन दिवशी तो खरोखर कमाल वाजतो.

कंपनीचा जुना सायलेन्सर भंगारात देऊ का? जागा अडते.

अजिबात नाही. आतला ओलावा सुकू द्या, तोंडं कापडाने बांधा नाहीतर उंदीर घर करतील, आणि माळ्यावर टाका. गाडी विकताना, पासिंगला नेताना, किंवा दहीहंडीच्या आदल्या दिवशी चौकातल्या हवालदारांनी ‘उद्या असाच येऊ नकोस’ म्हणून बजावल्यावर तो लागतो. आमच्या माळ्यावर तो गणपतीच्या मखराशेजारी होता. खाली उतरवताना मखराचा एक खांब मोडला, तो अजून चिकटवायचा राहिलाय.